मांजरपाटावरचा बिरप्पा

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला, त्या काळी जो गेला त्यानं तात्याबा जिनगराची कनात पाहिली नाही, असं सहसा होत नसे. पाळणे, मिठाईची दुकानं आणि बांगडीवाल्यांची रांग ओलांडून तळ्याच्या अंगाला गेलं की ती मळकी कनात दिसायची. तिच्या तोंडाशी एक काटकुळा माणूस आपल्या अंगाला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात ओरडत असायचा, "या, या! आपल्या देशाची कथा बगा! रामरायापास्नं लोकमान्यांपतुर समदी एका बैठकीत!"

आत मांजरपाटाचे मोठाले पडदे बांबूला एकामागे एक गुंडाळलेले असत. तात्याबा एकेक पडदा सोडायचा आणि हातातल्या छडीनं दाखवत इतिहास सांगायचा. शाळेशी त्याचा संबंध चौथीतच संपला होता. पुढचं सगळं शिक्षण कीर्तनात, पोवाड्यांत आणि न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात झालं. त्यामुळे त्याच्या पृथ्वीराजाच्या डोक्यावर पुणेरी पगडी होती आणि रावणाच्या लंकेच्या तटावर दोन तोफा होत्या. शिकलेले लोक हसायचे. पण गिरणीतल्या साचेवाल्याला, विडी वळणाऱ्या बाईला, कोकरू खांद्यावर टाकून आलेल्या धनगराला आपला देश पहिल्यांदा दिसला तो तात्याबाच्याच पडद्यावर, हेही खरं आहे.

एरवी वर्षभर तो पोटासाठी काय वाटेल ते रंगवायचा. गणपती, मेळ्यांचे देखावे, बैलांची शिंगं, चहाच्या हॉटेलांच्या पाट्या. जीव मात्र पडद्यांत. आणि पडद्यांत त्याची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो इतिहासातल्या माणसांना आपल्या गल्लीतली तोंडं द्यायचा.

"त्यांची तोंडं कुनी बगितल्यात?" तो विचारायचा. "आन बिनतोंडाचा मानूस लडनार कसा?"

म्हणून पानिपतावरचे सदाशिवरावभाऊ कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या महादेवप्पासारखे गुटगुटीत होते. झाशीची राणी म्हणजे तात्याबाची बायको चंद्रव्वा. ती अक्कलकोटकडची, तोंडानं फटकळ. आपल्याला घोड्यावर बसवलेलं कळल्यावर तिनं दोन दिवस नवऱ्याला जेवायला वाढताना ताट आपटलं, आणि तिसऱ्या दिवशी शेजारणींना घेऊन गुपचूप कनातीत जाऊन आली. अफजलखानाला तोंड द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा तात्याबानं स्वतःचंच दिलं. लोकांना ही रीत ठाऊक होती. गड्ड्याला ते देशाची कथा बघायला यायचे तसे यंदा आपला नंबर कुठे लागलाय ते बघायलाही यायचे.

या सगळ्यांत तात्याबाचं लाडकं तोंड होतं बिरप्पाचं. बिरप्पा सांगोल्याकडचा धनगर. दरसाल मेंढरं घेऊन सीना नदीच्या काठाला उतरायचा. शेतकरी त्याचा कळप आपल्या रानात खतासाठी बसवून घेत आणि बदल्यात ज्वारी देत. कळप बायकोवर सोपवून तो अधूनमधून शहरात तालमीत कुस्तीला यायचा, तिथं तात्याबाशी दोस्ती जमली. रुंद जबडा, दाट मिशा आणि डाव्या भुवईत मेंढ्याच्या शिंगानं पाडलेली खाच. असलं तोंड रंगवायला मिळालं म्हणजे तात्याबा तहानभूक विसरायचा. मग काय, घोडखिंडीत बाजीप्रभू बिरप्पा, पानिपतात भाला खाऊन पडलेला शिलेदार बिरप्पा, सत्तावनच्या बंडात तोफेच्या तोंडी दिलेला शिपाईही बिरप्पाच. दर जत्रेला तो बायकोला, मायाक्काला, घेऊन यायचा आणि कनातीच्या दारातूनच ओरडायचा, "तात्याबा, यंदा कुटं मारलास रं मला?"

असं हसतखेळत चाललं होतं. मग तीस साल आलं.

मे महिन्यात गांधीजींना धरल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या. लोक सरकारला दारूचा पैसा मिळवून देणारी शिंदीची झाडं तोडायला निघाले, पोलिसांशी जुंपली, गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर पोलीसच शहरातून नाहीसे झाले आणि तीन-चार दिवस सोलापुरात सरकार म्हणून काही उरलं नाही. तात्याबा त्या गोळीबाराच्या दिवशी कुठं होता? घरात. दाराला आतून कडी घालून, आवाज ऐकत. हे त्यानं कधी लपवलं नाही, आणि लोकांनीही त्याला भित्रा म्हटलं नाही, कारण अर्धं शहर तसंच बसलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडला आणि त्याच्या अंगात आलं. आजवर त्यानं सगळा जुना इतिहास रंगवला होता. आता इतिहास त्याच्या दारावरून गेला होता. लोकांनी सांगितलं ते ऐकत, सरसात रंग कालवत, खाण्यापिण्याची शुद्ध न ठेवता त्यानं पडदा काढला. झाडं पडताहेत, झेंडे उंचावलेत, समोर बंदुका, आणि सगळ्यांच्या पुढे कुऱ्हाड उगारलेला एक धिप्पाड माणूस. तोंड कुणाचं द्यायचं हा प्रश्नच नव्हता. हात आपोआप भुवईतल्या खाचेकडे गेला.

पडदा तालमीच्या भिंतीवर लागला आणि गर्दी लोटली. बिरप्पाही गावात आला होता, त्यानं पाहिला आणि डोकं खाजवलं.

"आरं, मी तर त्या दिशी मेंढराकडं हुतो की!"

"मग? घोडखिंडीत तरी हुतास का?" तात्याबा म्हणाला, आणि दोघं पोट धरधरून हसले.

त्या हसण्यानं तात्याबाचा पुढं जन्मभर पिच्छा पुरवला.

लष्कर येतंय अशी आवई उठली तेव्हाच पडदा उतरवायला हवा होता. चंद्रव्वानं दोनदा सांगितलं. "काडतो, काडतो," म्हणत तो रेंगाळला, कारण लोक अजून बघायला येत होते, आणि त्या लोकांमध्ये तोंड लपवून उभं राहून आपली तारीफ ऐकण्यात जे सुख होतं ते त्याला सोडवेना. मार्शल लॉ लागला, गोरे शिपाई गल्लीत शिरले, आणि पडदा त्यांच्या हाती लागला. खाली नाव नव्हतं. तात्याबा कधीच नाव घालत नसे. पण साहेबाला रंगवणाऱ्यापेक्षा रंगवलेल्यांची जास्त घाई होती. कुणीतरी, कोण ते कधी कळलं नाही, पुढच्या माणसाच्या भुवईवर बोट ठेवलं. साहेब परमुलखातला. त्याच्या मते चित्र काढणारा जे बघतो तेच काढतो. तिसऱ्या दिवशी बिरप्पाला सीनेच्या काठावरून, मेंढरांमधून, दोऱ्या लावून आणलं.

लष्करी कोर्टात काय झालं ते महादेवप्पाच्या हॉटेलात येणाऱ्या एका शिपायाकडून गल्लीला कळलं. बिरप्पानं सांगितलं, "मी तितं नव्हतो. मेंढरं बसवली हुती." ज्याच्या रानात कळप होता तो शेतकरी धोंडीराम भीतीनं गाव सोडून पळाला होता, त्यामुळे साक्षीला मेंढरंच राहिली. मग साहेबानं विचारलं, हे चित्र कुणी काढलं ते सांग, तुला सोडून देतो.

"मग काय म्हनला त्यो?" तात्याबानं हॉटेलात त्या शिपायाला विचारलं.

"म्हनला, मला काय म्हाईत? मी मेंढरं वळनारा मानूस."

तात्याबा उठला, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आपलं नाव एका माणसाच्या दातांमागे अडकलंय आणि तो माणूस दात उघडत नाहीय, हे त्याला सहन होईना. आणि त्यानं ते उघडू नयेत असंही त्याला मनापासून वाटत होतं. आपण हे असं इच्छितोय याची त्याला स्वतःचीच किळस आली.

निकाल अजून लागायचा होता. दुपारी मायाक्का आली. उन्हातून मैलोगणती चालत. ती बोलायला शहाणी होती, रडली नाही.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं ते जुनं पडदं घेऊन चला. साहेबाला दावा. खिंडीत ह्योच, पानपतात ह्योच, तोफंच्या तोंडाला बी ह्योच. मंग साहेबाला कळंल की, ह्यांचं तोंड तुमी नुसतं उसनं घेता म्हनून. दोनशे वरसाखाली मेल्याला मानूस परवाच्या दंग्यात कसा असंल?"

इतकं साधं होतं. बिरप्पाची सुटका त्याच्याच घरात, माळ्यावर, गुंडाळून ठेवलेली होती. पण ते पडदे साहेबापुढं नेणारा माणूसही साहेबापुढं उभा राहणार होता. झेंड्याची चित्रं काढणाऱ्याला त्या दिवसांत काय मिळत होतं ते गल्लीनं पाहिलं होतं.

"उद्या सकाळी येतो, वैनी," तो म्हणाला. "उद्या नक्की."

ती गेली. तात्याबानं माळ्यावरून पडदे खाली घेतले आणि चंद्रव्वाला घंगाळात पाणी भरायला सांगितलं.

"का वो?" तिनं विचारलं, आणि त्याचं तोंड बघून तिला कळलं. "अय्यो! तिला काय सांगनार उद्या?"

"पोराबाळांचा बाप हाय मी."

"त्यो न्हाय का?"

सरसातला रंग पाण्यात टिकत नाही. त्यानं एकेक पडदा बुडवला आणि तुडवला. पानिपत गेलं. घोडखिंड गेली. पायाखालून लाल-निळं पाणी न्हाणीच्या मोरीतून गल्लीत वाहायला लागलं, तेव्हा चंद्रव्वानं घाईघाईनं वर राख टाकली. झाशीची राणी बुडवताना तो क्षणभर थांबला. चंद्रव्वा म्हणाली, "आता माज्यासाटी थांबू नगा," आणि तिनं स्वतःच तो पडदा पाण्यात लोटला. वीस वर्षं जमवलेला देशाचा इतिहास दिवेलागणीच्या आत धुऊन झाला. तात्याबा भित्रा होता, पण मूर्ख नव्हता. आपण रंग धूत नाही आहोत, साक्ष धुतोय, हे त्याला पहिल्या पडद्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मायाक्का आली तेव्हा अंगणात दोरीवर मांजरपाट वाळत होता. कुठं गुलाबी डाग, कुठं निळसर. तात्याबा घरात होता, बाहेर आला नाही. दाराच्या फटीतून त्यानं पाहिलं. तिनं कापडाचं टोक हातात घेतलं, लोकर बघावी तसं बोटांत चोळलं, सोडून दिलं आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बिरप्पाला तीन वर्षं सक्तमजुरी झाली आणि त्याला येरवड्याला नेलं.

त्यानंतर तात्याबानं माणूस म्हणून काढला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, नुसती अक्षरं. गड्ड्याला त्याच्या जागी हातानं फिरवायच्या सिनेमाचा खेळ आला. कुणी पडद्यांचं विचारलं तर "डोळं गेलं आता," म्हणायचा. अक्षरं मात्र लांबून सुबक दिसायची, तेव्हा लोकांना हे पटायचं नाही.

मेंढरं निम्मी गेली तेव्हा मायाक्का दुसऱ्याचा कळप राखायला लागली. तात्याबा सीनेच्या काठाला एकदा ज्वारीचं पोतं घेऊन गेला. तिनं ते ठेवून घेतलं, पण पाणी विचारलं नाही. परतताना त्याला कळलं की गावातूनही तिला धान्य येतंय. का, तर बिरप्पाची बायको! सगळ्यांच्या पुढं होता त्याची! मार्शल लॉ उठला, भीती ओसरली, तसं शहर त्या दिवसाविषयी बोलायला लागलं होतं. आणि जे तिथं नव्हते त्यांच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा होता तो तात्याबाच्याच पडद्यातून. पडदा सरकारनं जाळला असेल नाहीतर कुठं कुजवला असेल, पण बघणाऱ्यांच्या डोक्यातून तो कोण धुणार? गल्लीतल्या ज्या लोकांना ती उसन्या तोंडांची रीत पक्की ठाऊक होती तेसुद्धा हळूहळू म्हणायला लागले, "बिरप्पा पुढंच हुता. म्या सवता बगितलं की."

तात्याबाला हे ऐकवत नसे. पण एक गोष्ट त्यानं मनाशी ठरवून टाकली होती. बिरप्पा सुटून आला की चारचौघांत उभं राहायचं आणि सांगायचं. हा माणूस तिथं नव्हता. मी त्याला तिथं उभा केला. सुटकेचा पुरावा होता, तो मी धुतला. मग लोक थुंकोत, बिरप्पा मारो, नाहीतर सरकार धरून नेवो. पाट्यांवर अक्षरं काढताना तो ही वाक्यं पुटपुटायचा. तीन वर्षं तो या एका दिवसाच्या आशेवर जगला म्हटलं तरी चालेल.

तो दिवस आला. बिरप्पा स्टेशनावर उतरला आणि लोकांनी त्याला वाजतगाजत तालमीत आणला. खूप वाळला होता, मिशा पांढरट झाल्या होत्या. गळ्यात इतके हार की मान दिसत नव्हती. मायाक्का एका बाजूला बायकांत बसली होती. तात्याबा गर्दीतून वाट काढत पुढे गेला. मन तीन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं.

"मला बोलायचं हाय," तो म्हणाला.

"थांबा की, आदी त्याला बोलू द्या," महादेवप्पा म्हणाला आणि त्यानं तात्याबाला दंडाला धरून खाली बसवलं.

बिरप्पा उभा राहिला. पूर्वी तो चारचौघांत बोलायला लाजायचा. आता त्यानं घसा खाकरला आणि सावकाश बोलायला लागला.

"त्या दिशी ऊन लई हुतं. माज्या डोक्याला हिरवा पटका हुता. म्होरं बंदुका, मागं समदी मानसं. माज्या मागं एक म्हातारा हुता, त्याच्या हातात झेंडा. मी डाव्या हातानं कुराड उचलली..."

बिरप्पा उजव्या हाताचा. डाव्या हातानं त्यानं साधी काठीही कधी धरली नव्हती. कुऱ्हाड डाव्या हातात होती ती पडद्यावर, कारण त्याच्या उजव्या अंगाला कापड संपलं होतं. हिरवा पटका होता तो पडद्यावर, कारण लाल रंग झेंड्यांच्या आसपास गोळा व्हायला नको होता. झेंडा धरलेला म्हातारा तर तात्याबाचा मेलेला बाप होता. बिरप्पा सांगत होता आणि तात्याबाला आपला पडदा वितीवितीनं उलगडताना दिसत होता, वरच्या कोपऱ्यातल्या पडलेल्या शिंदीच्या झाडापर्यंत. लोक डोळे पुसत होते. तात्याबा उठला नाही. तोंडात घोकून ठेवलेलं एकही वाक्य त्याला सापडेना.

गर्दी पांगल्यावर तो बिरप्पाजवळ गेला. मायाक्का हार गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

"बिरप्पा," तात्याबा म्हणाला, "माफ कर म्हनायला आलोय. पडदं मी धुतलं. तुला सोडवता आलं असतं आन मी धुतलं."

"सांगितलं हिनं," बिरप्पा म्हणाला. "जाऊ दे. तुजी बी पोरं हुती."

"मंग हे काय सांगत हुतास तू? त्या दिशी तू सीनेच्या काठाला हुतास. मेंढरं बसवली हुतीस. मी सांगतो लोकान्ला, आत्ता सांगतो."

बिरप्पा त्याच्याकडे बघत राहिला, काहीतरी अवघड समजून घ्यायला लागावं तसा.

"कोर्टात सांगितलं की मी, न्हवतो म्हनून," तो म्हणाला. "तुरुंगात बी सांगितलं. तितली मानसं म्हनाली, ह्यो सरकारचा मानूस दिसतोय, हितली खबर द्यायला आलाय. माज्या ताटात कुनी हात घालंना. मंग मी एक दिस म्हनलं, व्हय, हुतो. तवा ती ईचारायला लागली, काय झालं, कसं झालं. मी आटवून आटवून सांगायचो. आटवत गेलं तसं दिसायला बी लागलं."

"ते माजं चित्र हुतं बिरप्पा!" तात्याबा ओरडला. "तू तितं न्हवतास. आटव की. कळप हुता, धोंडीरामाचं रान हुतं..."

बिरप्पानं डोळे बारीक केले. तो खरंच आठवत होता. मग त्यानं मान हलवली.

"मेंढरं न्हाय आटवत," तो म्हणाला. "म्होरंच हुतो मी. तूच तर काडलंस की मला."

तात्याबानं त्या तोंडात टोमणा शोधला. राग शोधला. हे तोंड त्यानं इतकी वर्षं रंगवलं होतं की त्यातली कुठलीही रेघ त्याच्यापासून लपली नसती. टोमणा नव्हता, राग नव्हता. बिरप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मायाक्का हारांची पाटी डोक्यावर घेऊन नवऱ्याच्या आधीच बाहेर पडली.